चारशे बाराचे मंगळवार

“ह्या कागदावर ज्यानं लिवलंय, त्योच माझ्या बाजूनं बसू दे,” असं म्हणून शेवंता बंडगरनं सरळ माझ्याकडे बोट केलं.

लेबर ऑफिसर मिणचेकर साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब, चौकशी करून निकाल द्यायला सांगलीहून बोलावलेले शिरगुप्पे वकील, पदर घट्ट धरून उभी असलेली शेवंता, आणि कोपऱ्यात टाइपरायटरपाशी मी. वकिलांनी तिला नुकताच तिचा हक्क समजावून सांगितला होता, की चौकशीत तुमच्या बाजूनं बोलायला गिरणीतला कुणीही कामगार तुम्ही घेऊ शकता. साधारणपणे बायका युनियनच्या पुढाऱ्याचं नाव घेत. ज्यानं आरोपपत्र टाइप केलं त्याच कारकुनाला आपला वकील नेमावं, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मिणचेकर साहेबांना हसू आलं. ते म्हणाले, अहो बाई, हा टाइम ऑफिसचा माणूस, म्हणजे आमच्याच बाजूचा. त्यावर शेवंतानं एवढंच विचारलं, ह्यांचं नाव हजेरीच्या वहीत हाय का न्हाई? ते होतं. तीन महिन्यांपूर्वी लागलेला, अजून पक्का न झालेला टाइम क्लार्क उपळेकर, बिल्ला नंबर नऊशे तीन. वकिलांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि म्हणाले, बसतं नियमात, मात्र याची तयारी हवी. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी हो म्हणून बसलो. खरं सांगायचं तर बाईनं आपलं इंग्रजी ओळखलं असं मला वाटलं, आणि त्या फुशारकीतच मान हलली.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आमची सूतगिरणी मिरजेपासून एस.टी.नं अर्ध्या तासावर होती. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथली बरीच माणसं अजून आहेत आणि मला रस्त्यात भेटतात. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. खिशात छोटा शब्दकोश ठेवायचो, रोज एक नवा शब्द पाठ करायचो आणि दिवस मावळायच्या आत तो कुठंतरी वापरल्याशिवाय मला चैन पडत नसे. टाइम ऑफिसात हजेरी, रजा आणि मेमो याखेरीज लिहायला काही नसतं, त्यामुळे माझी फार उपासमार चालली होती.

त्या महिन्यात रीलिंग खात्यातल्या पाच बायका कमी करायचं वरून ठरलं. रीलिंग म्हणजे सुताच्या लडी करायचं खातं, तिथं सगळ्या बायकाच. ज्यांच्या कार्डावर गैरहजेरीच्या लाल खुणा जास्त, त्यांची नावं निघाली. पहिलंच नाव चारशे बारा नंबरचं, शेवंता बंडगर, वर्षात एकोणीस दिवस गैरहजर. मिणचेकर साहेब मजकूर सांगत होते आणि मी टाइप करत होतो. ते ‘फ्रीक्वेंट’ म्हणाले, म्हणजे वरचेवर. मी थांबलो आणि म्हणालो, साहेब, नियमात कामावरून काढण्याजोगा गुन्हा म्हणून जो शब्द आहे तो ‘हॅबिच्युअल’ आहे. वरचेवर गैरहजर राहणाऱ्याला फार तर ताकीद मिळेल, हॅबिच्युअलला घरी पाठवता येतं. साहेबांनी पुस्तक उघडून खात्री केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “उपळेकर, एका शब्दात केस उभी केलीत,” ते म्हणाले. मी दोन दिवस त्या थापेवर खूश होतो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होतो हे खरं.

चौकशीची तारीख आठ दिवसांनंतरची पडली, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेवंता कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर भाकरी घेऊन बसली होती, तिथं मी कागद घेऊन गेलो. बाई चाळिशीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा वारलेला, घरी सातवीत आणि चौथीत शिकणाऱ्या दोन मुली. चार वर्षं बदली कामगार म्हणून गेटवर उभी राहून यंदाच्या एप्रिलात ती कायम झाली होती. आमच्याकडे बदलीवाल्यांनी रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम बाई आली नाही तर तिच्या जागी आत जायचं, आणि सगळ्या आल्या तर डबा घेऊन घरी परतायचं. चार वर्षं तसं काढून मिळालेली नोकरी आता माझ्या एका शब्दावर लोंबकळत होती, आणि हे मला तिथं बसेपर्यंत नीटसं जाणवलं नव्हतं.

मी तिला आरोपपत्र मराठीत सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं कागदावर बोट ठेवलं, नेमकं त्या शब्दावर नव्हे, पण जवळपास.

“ह्यात त्यो सायबांचा मोठा शबुद कुठला? वकील दोनदा म्हणालं त्यो.”

“हॅबिच्युअल. म्हणजे सवयीचा. एखादी गोष्ट इतक्या वेळा केलेली, की ती अंगवळणीच पडली.”

“दारुड्यागत?”

“हो. दारूच्या बाबतीतही हाच शब्द वापरतात.”

“आन् त्यो तुमी घातला. सायबच सांगत फिरत्यात.”

मी हो म्हणालो. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. “म्हणून तर तुमाला घेतलं,” ती म्हणाली. “ज्यानं घातला त्येलाच काढता यील. दुसऱ्याला त्यो वाचता बी येत न्हाई.”

तिचं म्हणणं असं, की वर्षात आपण फक्त चार दिवस घरी राहिलो. सासू वारली तेव्हा तीन दिवस आणि तापानं एक दिवस, आणि दोन्ही वेळा सांगावा धाडला होता. माझा विश्वास बसला नाही. कार्डावर एकोणीस खुणा होत्या आणि कार्ड माझ्याच अक्षरातलं होतं. मी तारखा वाचायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, तारखा मला काय कळत्यात, वार सांगा. माझ्या खिशातल्या डायरीत मागच्या वर्षाचं कॅलेंडर होतं. सहा सप्टेंबर, मंगळवार. वीस सप्टेंबर, मंगळवार. चार ऑक्टोबर, मंगळवार. अठरा ऑक्टोबर, मंगळवार. पाचव्या-सहाव्या तारखेला मलाच ते विचित्र वाटायला लागलं आणि मी मान वर केली. शेवंताचा हात भाकरीवर तसाच थांबला होता.

तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि उठली.

“ऱ्हाऊ द्या. सायबांस्नी सांगा, गुन्हा कबूल हाय. कुठं अंगठा द्यायचा तिथं देते.”

मी चाटच पडलो. मघापर्यंत चार दिवस म्हणून ठाम असलेली बाई एकोणीस कबूल करून मोकळी होत होती. मी परोपरीनं विचारलं, समजावलं, मुलींची आठवण दिली. जाता जाता तिनं मलाच धीर दिला, की तुमी मनाला लावून घिऊ नगा, तुमी अजून ल्हान हाय.

त्या दिवशी कामात माझं लक्ष लागलं नाही. एकोणीसपैकी पंधरा दिवस मंगळवारचे होते, तेही एक सोडून एक, सप्टेंबरपासून मार्चपर्यंत न चुकता. कामचुकार माणूस असा पंधरवडा मोजून कामाला दांडी मारत नाही. आधी मला वाटलं, बाई देवीचं काहीतरी करत असेल. मग वाटलं, मंगळवारचा बाजार धरून काही विकायला बसत असेल, आणि ते बाहेर येईल म्हणून घाबरली असेल. आपण फार हुशार आहोत अशा थाटात मी तिच्यावर हेरगिरी करायचं ठरवलं, आणि बाजाराच्या दिवशी ती कामावर नाही हे पक्कं करायला म्हणून बदलीवाल्यांची जुनी वही काढली. चारशे बारा नंबरच्या जागी त्या दिवशी कुणी काम केलं, ते त्या वहीत असणार होतं.

सहा सप्टेंबरचं पान उघडलं. गैरहजर, चारशे बारा. तिच्या जागी बदली, शेवंता बंडगर.

मी ते तीनदा वाचलं. मग वीस सप्टेंबर काढलं. गैरहजर चारशे बारा, बदली शेवंता बंडगर. पंधरापैकी तेरा मंगळवारी तेच नाव. ज्या दिवशी गैरहजर राहिली म्हणून मी तिच्यावर हॅबिच्युअलचा शिक्का मारला होता, त्या दिवशी ती गिरणीत आठ तास उभी होती. दुसरी कुणीतरी आली नव्हती, म्हणूनच तर तिला आत घेतलं होतं.

मग सगळं आपोआप उलगडलं. आमच्या गिरणीत माणूस नंबरावर चाले. कायम बाई गेली की तिचा बिल्ला, तिची जागा आणि तिचा नंबर नव्या बाईला मिळे. जूनमध्ये मी लागलो तेव्हा नवी कार्डं छापून आली होती, आणि जुनी कार्डं नव्यावर उतरवायचं काम मला दिलेलं होतं. जुन्या कार्डावरच्या खुणा मी इमानेइतबारे उतरवल्या आणि वरती नाव मात्र चालू हजेरीपत्रकातलं टाकलं. चारशे बाराचं चालू नाव बंडगर, पण त्या पंधरा खुणा आधीच्या चारशे बाराच्या होत्या. मिणचेकर साहेबांच्या हाताखाली सातशे माणसं. कोण कोणत्या महिन्यात कायम झाली, हे त्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

जुनं कार्ड रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलं. जैबुन मुल्लाणी, मुक्काम मळा वस्ती, मार्चअखेर नाव कमी केलं. खाली शेरा, सवयीची गैरहजर.

पाळी सुटल्यावर मी धावतच शेवंताला गाठलं. आपली चूक सांगताना मला शरम वाटत होती आणि ती सुटणार म्हणून आनंदही होत होता, दोन्ही एकदमच. ती चालत राहिली. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“तुमी तिसरा मंगळवार वाचला तवाच कळलं.”

“मग कबूल का करत होता?”

ती थांबली. रस्त्यावर बायकांची गर्दी होती, त्यांना तिनं पुढे जाऊ दिलं.

“ते मंगळवार जैबुनबीचं. ती आदल्या सांजला माझ्या घरी येऊन सांगायची, उद्या मी न्हाई, तू म्होरं उभी ऱ्हा. तिच्या त्या दिवसांवर माझ्या घरात पीठ आलं. तिची नोकरी ग्येली म्हणून मला नोकरी लागली. आता ती ह्या एक तारखंला परत बदलीच्या यादीत नाव घालाय येणार हाय. तुमी सायबाफुडं सांगणार, ह्या खुणा हिच्या न्हाईत, तिच्या हाईत. मग तिला कोण उभं करंल गेटवर?”

“पण तुमची नोकरी जाईल.”

“मला गेटवर उभं ऱ्हायचं म्हाईत हाय. चार वरसं उभी व्हते.”

मी म्हणालो, निदान त्या बाईला विचारून तरी बघू. त्यावर शेवंता पहिल्यांदा माझ्यावर तडकली. “तिला सांगितलं तर ती यीलच. म्हणूनच सांगायचं न्हाई.” एवढं बोलून ती झपाझपा निघून गेली.

मी दोन दिवस तळमळत काढले. बाईची इच्छा मोडायची नाही म्हणावं, तर तिला माझ्या चुकीपायी घरी बसवायची. तिला वाचवावं, तर दुसरीच्या पोटावर पाय. शब्दकोशात हॅबिच्युअलखाली चार अर्थ दिले होते आणि त्यातला एकही मला उपयोगी नव्हता. शेवटी रविवारी दुपारी मी सायकल काढली आणि मळा वस्ती गाठली.

जैबुनबी दारात वाकळ शिवत बसली होती. वय तिशीच्या आत, डोक्यावरून पदर, बोटांना सुईची भोकं. गिरणीचा माणूस म्हटल्यावर ती गडबडून उठली आणि आत हाक मारली. आतून लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज करत अडीच-तीन वर्षांची एक पोरगी बाहेर आली. तिच्या पायात घोट्यापर्यंतचे जाड चामड्याचे बूट होते, आणि ती एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत पाण्याचा पेला घेऊन येत होती. निम्मं पाणी सांडलं. पण ती चालत माझ्यापर्यंत आली, पेला दिला, आणि आपण आल्याचं आईला कळलं की नाही ते वळून बघितलं.

मग जैबुनबीनं सांगितलं. पोरगी जन्मली तेव्हा तिचे दोन्ही पाय आत वळलेले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय सरळ होतील, पण प्लॅस्टर घालून घालून. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी आणायचं, एक खेप चुकली तर पाय परत फिरेल. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिनं टाइम ऑफिसात तेव्हाच्या कारकुनाला तोंडी सांगितलं होतं. तो म्हणाला अर्ज द्या, आणि अर्ज लिहून देणारं तिला कुणी नव्हतं. शेवंता आपल्या जागी उभी आहे, गिरणीचं काम अडत नाही, मग गिरणीची काय तक्रार असणार, असं तिला वाटत राहिलं. मार्चमध्ये गेटवर तिला सांगितलं, तुझं नाव नाही.

मी सगळं सांगून टाकलं. माझा शब्द, माझं कार्ड, शेवंताचं कबूल होणं, सगळं. मला वाटलं होतं ती विचार करायला वेळ मागेल. तिनं सुई वाकळेत टोचून ठेवली.

“चौकशी कवा हाय?”

“शुक्रवारी.”

“मग मंगळवार न्हाई ते बरं झालं. मी येते.”

“तुमचं यादीतलं नाव अडेल कदाचित. मी खोटं सांगणार नाही.”

“आडू दे. शेवंताबाईनं माझ्यासाठी लई मंगळवार केलं. मला एक शुक्रवार करू दे.”

शुक्रवारी सकाळी मी मिणचेकर साहेबांना आधी एकट्याला भेटून माझी चूक सांगितली. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाले, उपळेकर, तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात, हे चौकशीत सांगायची गरज आहे का? आपण केस मागे घेऊ, कारण काहीतरी लिहू. मला तो रस्ता फार आवडला. पण केस नुसती मागे घेतली असती तर जैबुनबीच्या कार्डावरचा तो शब्द तिथंच राहिला असता, पुढच्या खेपेला कुणीतरी तो वाचणार होता. मी म्हणालो, साहेब, मला सांगू द्या.

चौकशी सुरू झाली. शेवंताला दारातून आत येणारी जैबुनबी दिसली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली मान घातली. मी उभा राहून कार्डं दाखवली, बदलीची वही दाखवली, तेरा मंगळवार एकेक करून वाचले आणि अक्षर माझं आहे हे कबूल केलं. शिरगुप्पे वकील जाड चष्म्यातून वही न्याहाळत होते. सुरुवातीला कंटाळलेला त्यांचा चेहरा पाचव्या मंगळवारी सरळ झाला. मग त्यांनी जैबुनबीला पुढे बोलावलं.

“हे पंधरा दिवस तुम्ही गैरहजर होता?”

“व्हय सायेब.”

“न सांगता?”

“सांगून. पर लिवून न्हाई.”

“दर पंधरवड्याला, ठरवून?”

“व्हय. डाक्टरनी ठरवून दिल्यालं.” तिनं पदराखालून दवाखान्याचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पान पान तारखांनी भरलेलं होतं. वकिलांनी ते आमच्या वहीशेजारी ठेवलं आणि दोन्हींवरून बोट फिरवत गेले. पंधराही तारखा जुळल्या.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या जुन्या कार्डावर ‘सवयीची गैरहजर’ असा शेरा आहे. तुम्हाला काही सांगायचंय?”

जैबुनबीनं दवाखान्याचं पुस्तक मिटलं.

“सायेब, मला कामाची सवय व्हती. दवाखान्याची कवाच झाली न्हाई. दर मंगळवारी प्लॅस्टर कापताना पोरगी वराडायची आन् मी भाईर भिताडाला तोंड लावून उभी ऱ्हायचे. पंधरा खेपा ग्येले, पर सोळाव्या खेपंला बी माझा पाय उचलत नव्हता.”

मिणचेकर साहेब पुढे वाकले. “आता चालते का पोरगी?” त्यांनी विचारलं.

“चालती की. संगं आलीया. गेटवर बसवलीया वॉचमनजवळ.”

साहेब उठून खिडकीपाशी गेले. तिथून गेट दिसायचं. ते तिकडे तोंड करून उभे राहिले, आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. वकिलांनी तोवर निकाल सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करायला बसलो, कारण टाइपिस्ट शेवटी मीच होतो. ते म्हणाले, एखादी गोष्ट पुष्कळदा घडली एवढ्यानं ती हॅबिच्युअल होत नाही. माणूस आपल्या वळणानं ती करत गेला पाहिजे, थांबता येत असून थांबला नाही पाहिजे. इथं एका बाईचे वर्षातले चार दिवस आहेत, त्यातले तीन सुतकाचे. दुसऱ्या बाईचे पंधरा आहेत, ते डॉक्टरांनी लावलेले. हा शब्द दोघींपैकी कुणालाही लागू होत नाही. मग त्यांनी आरोपपत्र मागून घेतलं, माझ्या त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. तीच रेघ त्यांनी जैबुनबीच्या जुन्या कार्डावरही मारली. ती या चौकशीचा भाग नव्हती, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

साहेब खिडकीपाशीच उभे होते. “उपळेकर, एक तारखेची वाट बघू नका. मुल्लाणीबाईंचं नाव आजच यादीत घाला,” ते म्हणाले. जुनी कायम जागा परत देणं त्यांच्या हातात नव्हतं, हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. तिनं ती मागितलीही नाही.

बाहेर व्हरांड्यात शेवंता जैबुनबीला रागं भरत होती, तुला कुणी बोलिवलं व्हतं म्हणून, आणि रागं भरता भरता तिचे डोळे वाहत होते. माझ्याशी ती पंधरा दिवस बोलली नाही. माझं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवलं गेलं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, उलट स्वस्तात सुटलो असंच वाटलं.

जानेवारीत सुताला उठाव नव्हता आणि कायम बायका सहसा घरी राहत नव्हत्या. एके दिवशी पाळी सुटताना शेवंता टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली.

“माझी पगारी रजा किती हाय?”

मी वही बघितली. बदलीचे दिवस धरून तेरा दिवस जमले होते. तिनं आजवर एकही घेतलेला नव्हता.

“काढा.”

“सगळी? एवढं काय निघालं?”

“काय न्हाई. गेल्या हप्त्यात जैबुनबी चार दिस गेटवरनं माघारी ग्येली. मी घरी बसले तर चारशे बारा मोकळं ऱ्हाईल. तिला सांगू नगा. यादीत पयली तीच हाय, मी बघितलंय.”

मी अर्जाचा कागद ओढला. नियमानं रजा एकदम घ्यायची किंवा वर्षात फार तर तीनदा तोडून. ते सांगितल्यावर ती म्हणाली, मग तीनदा काढा, चार, चार आणि पाच. मी आकडे लिहिले आणि विचारलं, “कारण काय लिहू?”

“लिवायलाच पायजे?”

“पाहिजे.”

ती विचारात पडली. मग पदर खांद्यावर नीट करत हसली. “लिवा, घरी बसायची सवय न्हाई, लावून घ्यायची हाय.”

मी ते जसंच्या तसं मराठीत लिहिलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर बदलीवाल्यांची नावं पुकारायला मीच उभा होतो. चारशे बाराच्या जागी म्हणून जैबुन मुल्लाणीचं नाव घेतलं, तशी ती घाईघाईनं पुढे आली, आणि उंबऱ्यावर थांबून तिनं काळजीनं विचारलं, “शेवंताबाईला बरं न्हाई व्हय?”

“बरं आहे,” मी म्हणालो. “रजा काढलीय.”

“रजा? कशापायी?”

मला सांगायची बंदी होती, म्हणून मी वहीत डोकं घातलं. जैबुनबी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं पदर तोंडाशी धरला, मागे गेटबाहेर रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघितलं, आणि आत कामाला गेली.